हजेरीतली भिंत

संस्थेत त्याला सगळे 'तक्तेवाले' म्हणत. खरं पद माहिती अधिकाऱ्याचं होतं, दारावर तशी पाटीही होती. पण पाटी वाचून कोण कुणाला हाक मारतं? मुख्य इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून त्याची खोली. संस्थेचे सात विभाग होते. त्या सातांची हजेरी, निकाल आणि गळती तो संगणकात भरायचा आणि त्यातून रंगीत आलेख काढायचा. कुठे जादा शिक्षक द्यायचा, कोणती प्रयोगशाळा वाढवायची, कोणता अभ्यासक्रम गुंडाळायचा, हे अलीकडे त्या आलेखांवरूनच ठरत होतं. शिक्षक थट्टा करायचे, "यांना जेवायला बोलावू नका हो. ढेकर देण्याआधी घासांची सरासरी काढतील."

तो हसण्यावारी न्यायचा. त्याला काम मनापासून आवडायचं. विस्कटलेल्या आकड्यांतून एखादी गोष्ट हळूहळू वर यायला लागली की त्याला तहानभूक सुचत नसे.

जगात एकच माणूस त्याला 'चिमण्या' म्हणायचा, तो म्हणजे ताई. ती त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा, ती अठराची. वडील फिरतीवर असायचे. त्याला न्हाऊमाखू घालून, स्वतःच्या वेण्या तशाच ओल्या ठेवून ती शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला धावायची. आता तो चव्वेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावरचे केस मागे सरकले होते, तरी भर कॉरिडॉरमध्ये तिची हाक यायची, "चिमण्या, डबा खाल्लास का?" आणि शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे खाली मान घालून हसायचे.

ताई त्याच संस्थेत दुपारचा वर्ग चालवायची. ज्यांचं काम पहाटे असतं किंवा रात्रपाळीत, अशा मोठ्या माणसांसाठी दोन ते पाच शाळा. बेकरीत पाव भाजणाऱ्या, कचेऱ्यांच्या फरशा पुसणाऱ्या, दवाखान्यातल्या आया, पहारेकरी. गणित ती स्वतः शिकवायची. शालान्त परीक्षेचं प्रमाणपत्र हातात पडलं की यातल्या कुणाला बढती मिळायची, कुणाला नुसताच घरात मान मिळायचा.

त्या वर्षी संस्थेला खोल्या कमी पडत होत्या. परिचारिकांच्या अभ्यासक्रमाला चार खोल्या हव्या होत्या आणि त्या कुठल्या तरी विभागाच्याच जाणार होत्या. संचालक मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. त्या पूर्वी भौतिकशास्त्र शिकवायच्या. सरळ बोलणारी, कामाशी काम ठेवणारी बाई.

"सातही विभागांचं नऊ वर्षांचं चित्र हवंय मला," त्या म्हणाल्या. "प्रवेश किती, टिकले किती, पास किती. मंडळाची बैठक पाच आठवड्यांनी आहे. भाषणं मी खूप ऐकलीत. या वेळी आकडे बघून ठरवायचं."

तो जरा घुटमळला. "मॅडम, दुपारचा वर्ग माझ्या बहिणीचा आहे."

"अख्ख्या संस्थेला माहीत आहे. तुमचा डबासुद्धा माहीत आहे." मॅडम किंचित हसल्या. "म्हणूनच तुम्हाला सांगतेय. दुसऱ्या कुणी केलं तर उद्या तुम्हीच चुका काढाल."

पहिलं चित्र दोन दिवसांत तयार झालं. सात स्तंभांत दुपारच्या वर्गाचा स्तंभ बुटका, अगदी कडेला अंग चोरून उभा. नऊ वर्षांत अकराशे चाळीस प्रवेश, त्यातले एकशे चौऱ्याण्णव पास. शंभरात सतरा. त्याच्या वरचा विभागसुद्धा त्रेपन्नवर होता. हे चित्र बैठकीत लागलं असतं, तर कुणाला तोंडही उघडावं लागलं नसतं.

त्यानं ताईला दाखवलं. तिनं चष्मा लावला, पाहिलं आणि म्हणाली, "हे खोटं आहे."

"आकडे तुमच्याच पटावरचे आहेत, ताई."

"आकडे खरे असतील. पण ही अकराशे चाळीस माणसं नाहीत. बेकरीतली ती ठेंगणी बाई आठवते? पहिल्या वर्षी आली, बाळंतपणात सुटली. दोन वर्षांनी परत आली, कामाची पाळी बदलली म्हणून सुटली. चौथ्या खेपेला पास झाली. तुझ्या कागदावर ती किती?"

त्यानं मनात हिशेब केला. दर प्रवेशाला नवा क्रमांक मिळत होता. म्हणजे ती बाई तीन वेळा गळाली होती आणि एकदा पास झाली होती. एका माणसाची चार माणसं, त्यातली तीन नापास.

मग तीन रविवार बहीणभाऊ ताईच्या जेवणाच्या टेबलावर जुने पट पसरून बसले. तो नाव वाचायचा, ती डोळे मिटून सांगायची. "ही तीच, लग्नानंतर आडनाव बदललंय." "हा वेगळा, तो पहारेकरी, हा ड्रायव्हर." "हिनं जन्मतारीख चुकवून लिहिली होती, पण तीच." अधूनमधून ती उठून चहा टाकायची आणि स्वयंपाकघरातूनच एखाद्याची पूर्ण हकिकत सांगायची. तिला नऊ वर्षांतली सगळी माणसं तोंडपाठ होती. तिसऱ्या रविवारी दुपारी बेरीज झाली. अकराशे चाळीस प्रवेशांमागे माणसं होती चारशे शहाऐंशी. त्यातली एकशे चौऱ्याण्णव पास. शंभरात चाळीस.

"चाळीस!" तो ओरडलाच. "ताई, पाव भाजून, फरशा पुसून शंभरात चाळीस!"

ताईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मला वाटलं होतं त्यापेक्षा कमीच आहेत," ती म्हणाली. पण चेहरा उजळला होता. कितीतरी वर्षांनी दोघं असे खांद्याला खांदा लावून बसले होते.

बैठकीला दहा दिवस उरले असताना तो हजेरीच्या चित्राकडे वळला. संस्थेचा नियम असा, की वर्षाला साठ टक्के हजेरी भरली नाही तर पटावरून नाव कमी. नियम सगळ्यांना सारखा. सातही विभागांत किती जणांची किती टक्के हजेरी, हे त्यानं एकाखाली एक मांडलं. सहा विभागांत साधी टेकडी उमटली. मधे उंच, दोन्हीकडे उतरत गेलेली. पंचावन्नवाले काही, सत्तावन्नवाले काही, एकसष्टवाले काही. माणसांची हजेरी अशीच असते.

दुपारच्या वर्गात टेकडी नव्हती. चोपन्नपर्यंत तुरळक माणसं, मग पंचावन्नपासून एकोणसाठपर्यंत एकही नाही. आणि साठ ओलांडल्याबरोबर सरळ उभी भिंत. एकसष्ट आणि बासष्ट या दोनच घरांत पटावरची जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची माणसं गोळा झालेली.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. वाटलं, आपलंच कुठेतरी चुकलं. पुन्हा मूळ पटावरून भरलं. भिंत तिथेच. असा आकार आपोआप तयार होत नाही, हे त्याच्याइतकं संस्थेत दुसऱ्या कुणालाच कळलं नसतं. कुणीतरी हातानं माणसं उचलून साठच्या पलीकडे ठेवत होतं. आणि दुपारच्या वर्गाची हजेरी एकच हात लावत होता.

मग त्याला लिफ्टवाले काका आठवले आणि तो खुर्चीतून उठला.

लिफ्टवाले काका म्हणजे दुपारच्या वर्गातले सगळ्यात म्हातारे विद्यार्थी. तीस वर्षं त्यांनी एका मोठ्या दवाखान्याची लिफ्ट चालवली होती. एक ते नऊ आकडे येत होते, अक्षर एकही येत नव्हतं. निवृत्त झाल्यावर शाळेत आले. बायको नव्हती, मूल नव्हतं, एका खोलीत एकटेच राहायचे. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक भाची होती तेवढीच. दोन वर्षांपूर्वी ते न्हाणीत पडले आणि तिथेच गेले. सोमवारी सकाळी पडले, शनिवारी दार फोडलं तेव्हा सापडले. डॉक्टरांच्या मते गुरुवारपर्यंत धुगधुगी असावी. शोकसभेची सूचना त्यानंच टाइप केली होती.

आणि त्या मृत्यूशी त्याचा आणखीही एक संबंध होता. जो विद्यार्थी सलग तीन दिवस गैरहजर, त्याचं नाव संध्याकाळी पाच वाजता आपोआप यादीत यायचं. कचेरीच्या खिडकीवरची मुलगी त्याला फोन करायची, फोन लागला नाही तर कुणाला तरी घरी पाठवायची. संगणकातली ती यादी त्यानंच आधीपासून बसवून दिली होती. काकांचं नाव यादीत आलंच नाही. त्या वेळी दोन दिवस तो जेवणखाण सोडून चूक शोधत बसला होता. चूक सापडली नव्हती.

आता त्यानं तो आठवडा उघडला. सोमवार, हजर. मंगळवार, हजर. बुधवार, हजर. गुरुवार, हजर. शुक्रवार, हजर.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता तो वर्गावर गेला. ताई फळा पुसत होती. बाकं रिकामी होती, खिडकीतून ऊन आत आलं होतं.

"ये. आज इकडे कसा?"

त्यानं भिंतीचं चित्र टेबलावर ठेवलं. ताई गणिताची बाई होती, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं साठच्या रेषेवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभी राहिली.

"इतकं उघड दिसतं?" तिनं विचारलं.

"दिसतं."

"दवाखान्यातली एक आया होती," ताई सावकाश बोलायला लागली. "दोन दिवस कमी पडले. एकोणसाठ. नाव कमी झालं. याच दारात उभी राहून रडली रे, लहान पोरासारखी. म्हणाली, बाई, आता परत यायचं तोंड नाही मला. तेव्हापासून... नाव कमी झालं की माणूस खचतो, चिमण्या. पुन्हा दार ठोठावायला छाती लागते."

"लागते. पण ते ठोठावतात, ताई. तीन रविवार बसून आपण मोजलं काय? दोनदा आले, तीनदा आले, एकजण तर सहा वेळा आला. तू काही केलं नसतंस तरी आले असते."

ताई पुढच्या बाकावर बसली. विद्यार्थ्यांच्या बाकावर बसलेली ताई त्यानं कधी पाहिली नव्हती.

"लिफ्टवाले काका," ती आपणहून म्हणाली. "तेच विचारायचंय ना तुला?"

त्यानं मान डोलावली.

"सोमवारी आले नाहीत. म्हटलं, भाचीकडे गेले असतील. ते जायचे अधूनमधून, त्यामुळेच हजेरी कमी होती. अठ्ठावन्न. मी रोज एक एक करून हजेरी लावत गेले. शनिवारी शेजारी सांगायला आला, तेव्हा मी याच फळ्यावर अपूर्णांक शिकवत होते."

"मी दोन दिवस माझी यादी तपासत होतो. मला वाटलं, माझ्यामुळे मेले ते."

"माहीत आहे. तू घरी येऊन रडला होतास माझ्यापाशी."

"आणि तू काही बोलली नाहीस."

"नाही बोलले."

बाहेर जिन्यावर पावलं वाजायला लागली. लोक यायला लागले होते.

"तेव्हापासून ज्याची अशी हजेरी लावते, त्याला संध्याकाळी मी स्वतः फोन करते," ताई म्हणाली. "रोज. एकालाही चुकवत नाही."

"म्हणजे चूक थांबवली नाहीस. तिला ठिगळ लावलंस."

हे बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच लागलं. आयुष्यात तो ताईला असं बोलला नव्हता. ती उठली, खडू हातात घेतला. "बैठकीत हे दाखवणार आहेस?"

"माहीत नाही."

"मग मला विचारू नकोस. विचारलंस तर मी नको म्हणेन." आणि ती फळ्याकडे वळली.

पुढचे नऊ दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. भिंतीचं चित्र वगळलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. मंडळाला आकडेवारी वाचायची सवय होती, खोदायची नव्हती. पण चाळीसचा आकडा ज्या पटांवरून आला, भिंतही त्याच पटांवरून आली होती. एक दाखवायचं आणि एक लपवायचं, तर मग वीस वर्षं इतरांना काय शिकवलं? शिवाय तीन दिवसांची यादी अजून रोज पाच वाजता निघत होती, आणि दुपारच्या वर्गापुरती ती रोज खोटं सांगत होती. ताई एकटी किती जणांना फोन करणार? एखाद्या दिवशी तीच आजारी पडली तर?

त्यानं चित्र ठेवलं. काकांची गोष्ट मात्र ठेवली नाही. ती आलेखात बसत नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याची हिंमत झाली नाही.

बैठकीला लांब टेबलाभोवती मंडळाचे अकरा सभासद होते आणि भिंतीकडच्या खुर्च्यांवर सात विभागप्रमुख. ताई शेवटच्या खुर्चीवर बसली होती. त्यानं सतराचा स्तंभ दाखवला, मग तो चाळीसचा कसा झाला ते दाखवलं. ठेंगण्या बेकरीवालीची हकिकत सांगितली. सभासद पुढे झुकले. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आपण एवढी वर्षं एकाच माणसाला चार वेळा नापास केलं म्हणायचं!" लोक हसले. इथे थांबला असता तर वर्ग वाचलाच होता.

त्यानं पुढचं चित्र लावलं. सहा टेकड्या आणि एक भिंत.

"हे काय आहे?" कुणीतरी विचारलं. संचालक मॅडमनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"दुपारच्या वर्गाची हजेरी साठच्या आसपास नैसर्गिक नाही," तो म्हणाला. "मागच्या काही वर्षांच्या नोंदींवर विसंबता येणार नाही. पास होणाऱ्यांच्या आकड्यावर याचा परिणाम नाही, ती परीक्षा बाहेरचे लोक घेतात. पण हजेरी खरी नाही."

मग मागे खुर्ची सरकली.

"ती मी लावलीय," ताई म्हणाली. ती उभी होती, दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. "दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. आणि यांनी एक गोष्ट सांगितलेली नाही, ती मी सांगते." मग तिनं लिफ्टवाल्या काकांचा तो आठवडा सांगितला. सोमवारपासून शनिवारपर्यंत, वार न वगळता, फळ्यावरच्या अपूर्णांकांसकट. आवाज चढवला नाही की डोळ्याला पदर लावला नाही. सांगून झाल्यावर ती बसली नाही, दरवाज्यातून बाहेर गेली. तो पडद्याशेजारी उभाच राहिला. तिच्यामागे जावंसं वाटलं, पण प्रोजेक्टरचा रिमोट त्याच्या हातात होता आणि अकरा माणसं त्याच्याकडे बघत होती.

निर्णय पंधरा दिवसांनी आला. दुपारचा वर्ग राहिला, स्वतःच्या चारऐवजी तीन खोल्यांत; परिचारिकांच्या उरलेल्या तीन खोल्या इतर विभागांतून निघाल्या. त्या वर्गाला साठ टक्क्यांचा नियम काढून टाकला. एका माणसाला जन्मभर एकच क्रमांक, कितीदा का येईना. ताईला प्रमुखपदावरून दूर केलं आणि एक लेखी ताकीद दिली. तिनं ताकीद घेतली, सही केली आणि निवृत्तीला दोन वर्षं असताना राजीनामा दिला. मॅडमनी तिला थांबवायचा प्रयत्न केला म्हणतात. ती थांबली नाही.

संस्थेत त्याच्याबद्दल दोन तट पडले. काही म्हणाले, असा प्रामाणिक माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. काही म्हणाले, ज्या बहिणीनं वाढवलं तिचाच गळा कापला. झेरॉक्सच्या खोलीतले गृहस्थ त्याच्याबरोबर डबा खायचे, ते बंद झालं. एकदा जिन्यात दवाखान्यातली एक आया भेटली. तो कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. "साहेब, आमच्या बाई कुठे गेल्या हो? नव्या बाई चांगल्या आहेत, पण त्यांना आमची नावं येत नाहीत अजून." तो म्हणाला, येतील हळूहळू. आणि खोलीत जाऊन दार लावून बसला.

चार महिने बहीणभाऊ बोलले नाहीत. त्यानं फोन केले. ती उचलायची, "बरी आहे" म्हणायची, ठेवायची. मग एका शुक्रवारी तिचाच फोन आला.

"चिमण्या, रविवारी मोकळा आहेस का?"

"आहे."

"काकांच्या भाचीकडे जायचंय. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आले. एकटीनं जमत नाही."

शहराच्या त्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर भाची राहायची. तिनं दार उघडलं, ताईला ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मामा बाईंबद्दल खूप बोलायचा म्हणाली. ताईनं पेला हातातच धरला आणि बैठकीत सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी मात्र तिचा आवाज मधेच तुटला, आणि 'बुधवार' या शब्दावर तिला दोनदा थांबावं लागलं. तो शेजारी बसला होता. मधे बोलावं, सावरून घ्यावं असं त्याला वाटलं. पण हे तिचंच सांगणं होतं.

भाचीनं खिडकीकडे तोंड वळवलं.

"म्हणजे कुणी गेलं असतं, तर..." ती म्हणाली आणि थांबली.

"हो," ताई म्हणाली. "कदाचित."

"मग हे मला आता का सांगितलंत?"

"तुम्हाला ठाऊक असायला हवं म्हणून. मी माफी मागायला आले नाही. ती द्यायची की नाही, ते तुमचं."

भाचीनं डोळे पुसले. "तुम्ही आलात ते बरं केलंत," ती अखेर म्हणाली. "पण आज मला तुमच्याशी आणखी काही बोलवणार नाही. पुन्हा येऊ नका लगेच. मी बोलावीन. किंवा नाही बोलावणार."

"चालेल," ताई म्हणाली.

जिना अरुंद होता. गुडघ्यांमुळे ताईला उतरायला वेळ लागत होता. दुसऱ्या मजल्यावर तिनं न बोलता त्याचा दंड धरला. खाली रस्त्यावर रविवारची सुस्त वर्दळ होती. बसथांब्यावर दोघं बाकावर बसले. त्यानं विचारलं, "घरी येतेस? जेवूनच जा." एक बस आली आणि गेली.

"तुझ्यावर राग आहे मला अजून," ती म्हणाली. "तू चुकलास असं नाही. तरी आहे."

"असू दे."

"जाईल की नाही, सांगता येत नाही."

"असू दे, ताई."

दुसरी बस आली, ती त्याच्या घराकडे जाणारी होती. ताई उठली आणि त्याच्या आधी चढली.